दहावी सही

मंजुताई,

तुझ्या शोकसभेत मी जे बोलले ते ऐकलं असतंस, तर तू मला तिथल्या तिथे गप्प बसवलं असतंस. "सुनंदे, झालं ते झालं, आता कशाला उकरून काढतेस?" असं म्हणून कोणाला तरी चहाचं विचारलं असतंस. पाच वर्षं तू हेच करत आलीस. पण आता अडवायला तू नव्हतीस, म्हणून मी उभी राहिले.

सभा इथे नाशिकला, आपल्या मळ्यापलीकडच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात झाली. तुला जाऊन चार दिवस झाले होते. विधानसभेची निवडणूक लागलेली, अर्ज भरायची मुदत तोंडावर आलेली, आणि जिनं तिसऱ्यांदा उभं राहायचं ठरवलं होतं ती फोटोत. फोटो तुझ्या भाच्यानं आणला होता, दवाखान्यातल्या नोकरीतला, पांढऱ्या साडीतला. त्यात तू हसत नाहीस. तुझा न हसणारा फोटो या पोरानं कुठून शोधून काढला, याचा मला सभाभर राग येत राहिला.

भाषणं व्हायची तशी झाली. मग माजी नगरसेवक उठले. या माणसानं तुला 'पुरोगामी बाई' सोडून दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही, आणि तो शब्द ते असा उच्चारायचे की जणू अंगावर काही उठलंय. ते म्हणाले, "बाई प्रामाणिक होत्या, कष्टाळू होत्या. पण कागदपत्रात कच्च्या. मागच्या वेळी स्वतःच्या हलगर्जीपणानं अर्ज बाद करून घेतला. नाहीतर आम्हालाही लढायला मजा आली असती." लोकांनी माना डोलावल्या. आपल्या बायकांनीसुद्धा. त्यांचा काय दोष? तूच सगळ्यांना तसं सांगितलं होतंस.

मी उठले आणि म्हणाले, "अर्ज मंजुताईंमुळे बाद झाला नाही. माझ्यामुळे झाला." पण सगळं सांगून झालं नाही, निम्मं आतच राहिलं. म्हणून आता बसून लिहिते आहे. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

आपली ओळख पोलिओच्या डोसानं झाली. माझी वैष्णवी तेव्हा आठ महिन्यांची होती. तू खांद्याला ती निळी पेटी अडकवून मळ्यात आलीस, आधी सरळ फुलांच्या तोडणीला आलेल्या बायकांपाशी गेलीस. त्या डोंगरातल्या हरसूल-पेठकडून हंगामापुरत्या आलेल्या, त्यांची पोरं बांधावर झोळीत. तू त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायला लागलीस आणि त्या खुदखुदून हसल्या. आमच्या मळ्यात त्या हसतात हे मला लग्नाला तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. हरसूलची कोकणा आदिवासी बाई हातात सरकारी पेटी घेऊन आली, तर तिला बस म्हणावं की उभीच ठेवावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी चहा ठेवला. सासूबाईंनी डोळ्यांनीच फडताळाचा कोपरा दाखवला. तिथे एक कप वेगळा ठेवलेला असायचा. माझं तोंड कडू झालं, पण मी तोच कप दिला. तेव्हा माझी हिंमत तेवढीच होती. तू चहा प्यालीस, कप स्वतः विसळलास आणि स्वयंपाकघरात येऊन बाकीच्या कपांच्या मधोमध पालथा घातलास. सासूबाईंना म्हणालीस, "आजी, कोपऱ्यात धूळ लय बसते." कप सगळे एकाच सेटमधले. त्यानंतर वेगळा कोणता हे सासूबाईंनाही ओळखू येईना, आणि वेगळा कप आमच्या घरातून नाइलाजानं गेला. मी त्या दिवसापासून तुझी झाले, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस.

नोकरीची वर्षं शिल्लक असताना तू राजीनामा दिलास आणि आमदारकीला उभी राहिलीस, अपक्ष. तेव्हा भल्याभल्यांनी तुला एकच सल्ला दिला. तिकडे डोंगरात राखीव जागा आहे, तिकडे उभी राहा, इकडच्या खुल्या जागेवर तुझं काय काम? अगदी कळकळीनं सांगायचे. हे तुझ्याच भल्याचं आहे, असा त्यांचा चेहरा असायचा. तू म्हणायचीस, "मी तिकडचीच हाय, खरंय. पण तीस वरसं सुया कुणाच्या पोरांना टोचल्या? इकडच्याच ना? मग इकडचं गटार तुंबलं तर मी हरसूलला जाऊन बोलू व्हय?" समोरचा माणूस हसायचा आणि मत मात्र दुसऱ्यालाच द्यायचा. पहिल्या निवडणुकीत आपण आपटलो. तू दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मळ्यात हजर.

तुझा प्रचार कोणाला जमला नसता. मंडप नाही, माइक नाही. उजाडायच्या वेळेला, जेव्हा शेवंतीची तोड चालू असते, तेव्हा तू एखाद्या मळ्यात शिरायचीस, कमरेला ओटी खोचायचीस आणि बाईच्या शेजारची सरी धरायचीस. ती तोडते, तू तोडतेस. सरी संपेपर्यंत बोलायचं, सरी संपली की तोडलेली फुलं तिच्या कॅरेटमध्ये ओतायची आणि पुढच्या मळ्यात. मी एकदा म्हटलं, "ताई, अशानं दिवसाला किती मतदार होतील?" तू म्हणालीस, "हात चालू असले की बाई खरं बोलते. समोर खुर्ची टाकून बसलं की सगळ्या 'बरं चाललंय' म्हणतात." खरंच होतं ते. कोणाच्या सुनेला दवाखान्यात कोणी नेत नाही, कोणाच्या नळाला महिनाभर पाणी नाही, कोणाची सातबाऱ्यावरची सही कशी घेतली गेली, हे सगळं तुला सरीत कळायचं.

माझंही तुला तिथेच कळलं.

माझे वडील, आबा, गेल्यावर माहेरी विंचूरला भावानं हक्कसोडपत्र समोर ठेवलं आणि मी सही केली. बहिणी करतातच. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी विचारलंही नाही. हे मी तुला इतक्या सहज सांगितलं की तू हातातलं फूल तसंच धरून माझ्याकडे बघत राहिलीस. वर मी पुढचं बोलून गेले, की मतदार यादीतलं नाव मात्र मी अजून विंचूरलाच ठेवलंय आणि दर निवडणुकीला तिकडेच जाते.

तिथून जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत संपला नाही.

"जमीन सोडताना हूं का चूं केलं नाहीस, आणि यादीतली एक ओळ धरून बसलीस?"

"ती ओळ माझी आहे."

"ओळ कागदाची हाय. राहतेस इथं, पाणी पितेस इथलं, डास चावतात ते पण इथले. आणि मत विंचूरच्या रस्त्याला? नाव इकडं आण बाई."

मी काय सांगणार? माझे आबा कांद्याच्या बाजारात मापाडी होते. मतदानाच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांत आधी रांगेत उभे राहायचे. मी अठराची झाले तेव्हा मला पुढे घालून घेऊन गेले आणि मतदान केंद्रातल्या बाईंना म्हणाले, "ही माझी मुलगी, हिचं नाव बघा." त्या यादीत माझ्या नावाखाली अजून वडिलांचं नाव आहे, नवऱ्याचं नाही. आबा गेले, आई गेली. वहिनी वाईट नाही, पण बोलवतही नाही. माहेरी जायला बोलावणं लागतं, मतदानाला लागत नाही. पाच वर्षांत दोन-तीनदा मी हक्कानं त्या गावात पाय ठेवायची, शाळेत जाऊन बोटाला शाई लावून घ्यायची आणि वहिनीच्या हातचा चहा पिऊन परत यायची. तेवढंच माझं माहेर उरलं होतं. हे तुला नीट सांगितलं असतं तर तुला समजलं असतं. मी सांगितलं नाही, वाद घातला. आणि मग तुझा ससेमिरा चुकवायला एक दिवस सांगून टाकलं, "भरला गं बाई फॉर्म, येईल नाव इकडे."

भरला होता, खोटं नाही. पण दिला नव्हता. कपाटात पैठणीच्या घडीत ठेवला होता.

मग दुसरी निवडणूक आली. या वेळी वारं आपल्या बाजूनं होतं, हे तुझे विरोधकही कबूल करत होते. अर्ज भरायचा शेवटचा दिवस. अपक्षाला दहा सूचक लागतात, दहाही त्याच मतदारसंघातले मतदार, प्रत्येकाचा यादीतला क्रमांक आणि सही. नऊ जणी आल्या. दहावी, शांता, आली नाही. तिचा दीर त्याच नगरसेवकांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, त्यानं तिला घराबाहेर पडू दिलं नाही. कचेरीत ही गर्दी, अडीच वाजलेले, तीनला दार बंद. तू माझ्याकडे वळलीस.

"तुझं नाव इथल्या यादीत आहे ना?"

एकदाच विचारलंस. मी म्हटलं, "आहे."

आजही मला कळत नाही मी तसं का म्हटलं. तुझ्यासमोर खोटी पडायची भीती वाटली, की तुझा अर्ज वाचवायची घाई झाली, की इतके महिने बोललेलं खोटं मलाच खरं वाटायला लागलं होतं. क्रमांक हवा होता. पर्समध्ये लोकसभेच्या वेळची ह्यांची मतदानाची चिठ्ठी होती. यादीत नवऱ्याच्या खाली बायकोचं नाव येतं, हे घरोघर यादी घेऊन फिरून मला माहीत होतं. आमच्या घराचं पान मात्र मी कधी उघडलं नव्हतं, आपल्याच घरी कोण प्रचार करतं? ह्यांच्या क्रमांकात मी एक मिळवला, तो लिहिला आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

छाननीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी यादी काढली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "दहाव्या सूचकाच्या क्रमांकावर गंगूबाई आहेत. वय पंच्याऐंशी."

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, ती म्हातारी तर चार वर्षांपूर्वी वारली."

सगळं दालन हसलं. माझ्या सासूबाईंचं नाव यादीतून कमी करायचं राहून गेलं होतं, आणि मी नेमका त्यांचा क्रमांक लिहिला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग ही सुनंदा कोण?" मी बसूनच राहिले. तेवढ्यात तू उठलीस. म्हणालीस, "चूक माझी आहे साहेब. मी तपासून घ्यायला पाहिजे होतं." माझ्याकडे बघितलंही नाहीस. अर्ज बाद झाला. बाहेर पत्रकारांनी घेरलं तेव्हाही तू तेच सांगितलंस, आणि नंतर प्रत्येक मळ्यात, प्रत्येक सरीत तेच.

रिक्षात मी रडत होते. तू बाहेर बघत होतीस. आडगाव नाक्याच्या आसपास तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं तूही रडतेस. बघते तर तू हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, म्हातारी आली शेवटी माझ्या कागदावर! जिवंतपणी कप वेगळा ठेवला, आणि मेल्यावर सूचक झाली." मीही हसले. पण ताई, तू हसलीस म्हणून माझं सुटलं नाही. तू रागावली असतीस तर सुटलं असतं. तुझी सगळ्यांत चांगली संधी माझ्या खोट्यानं गेली, आणि माझ्या नावाला चिखल लागू नये म्हणून तू तो स्वतःला लावून घेतलास. मी लावून घेऊ दिला. तुला चारचौघांत 'कागदपत्रात कच्ची' म्हणायचे तेव्हा मी पाच वर्षं ताटात मान घालून जेवत राहिले. तू मोठी होतीस, हे मान्य. पण तुझ्या मोठेपणाचा मला कधी कधी संतापही यायचा, तेही आज सांगून टाकते.

त्याच आठवड्यात तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. मला वाटलं, समजूत काढायला सांगतेस. "गंमत माहिती हाय का? तू माझी सूचक होऊ शकत नाहीस, पण स्वतः उमेदवार होऊ शकतेस. उभं राहणाऱ्याचं नाव राज्यात कुठल्याही यादीत चालतं. सही करणाऱ्या दहा मात्र इथल्याच लागतात." मी म्हटलं, हा काय उफराटा कायदा. तू म्हणालीस, "उफराटा नाय. माणूस कुठूनही येऊ दे, त्याला इथली दहा तरी माणसं आपलं म्हणाली पाहिजेत."

तू गेलीस त्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठलीस आणि ओट्यापाशीच कोसळलीस. मी पोचले तेव्हा शेजारणीनं गॅस बंद केला होता. अंत्यविधीला रामकुंडावर न्यायचं असं कॉलनीतल्या लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तुझा भाऊ आला आणि हळूच म्हणाला, "नको, ती घरी येईल." तुला हरसूलला नेलं. त्या दिवशी तिथे बाजार होता. गाडी बाजारातून जाताना भात, नागली, वाळली मासळी घेऊन बसलेल्या बाया एकेक करून उभ्या राहत गेल्या. मी गाडीत तुझ्या पायाशी बसले होते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. नाव नाशिकला आणलंस ना गं? मग माती हरसूलची का लागली? मला शिकवत होतीस की जिथं राहतेस तिथली हो. तुला स्वतःला तरी एक गाव पूर्ण सोडता आलं का? याला तुझ्याकडे उत्तर असणारच, आणि ते मला आता मिळणार नाही.

तर शोकसभेत मी हे सगळं, निम्मंशिम्मं का होईना, बोलले. माजी नगरसेवक घड्याळ बघायला लागले. मग मागच्या रांगेतून रखमाबाई उठल्या, त्याच, ज्यांच्या मळ्यात तू नेहमी पहिली सरी धरायचीस. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं, कळलं. मंग आता काय? रडून आर्ज भरता येतो व्हय? तिची जागा तुझ्यापायी गेली ना, मंग तूच उभी राहा."

मी म्हटलं, "रखमामावशी, माझं तर नावच इथं नाही."

"ते मला काय कळत नाय. मंजीनं सांगितलं होतं, उभं राहणाऱ्याचं कुठंबी चालतं म्हनून."

तू त्यांनाही सांगून ठेवलं होतंस. किती जणींना सांगून ठेवलं होतंस ताई? आणि का? मला त्या दिवसापासून हा प्रश्न सोडत नाही. गंमत म्हणून सांगायची तर एकदा सांगतात.

घरी आल्यावर दोन दिवस मी नुसती कामं उपसत राहिले. भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी भाजीत मीठ जास्त घालत होते. मी कोण? बारा गुंठे शेवंती, एक मुलगी कॉलेजात, बी.ए.ला असताना लग्न. मला माइकसमोर घाम फुटतो. आणि जिच्या खोट्यानं एक अर्ज बाद झाला, तिनं कोणत्या तोंडानं अर्ज भरायचा? तिसऱ्या दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "विंचूरच्या यादीचा उतारा लागेल ना? शिक्क्याचा? उद्या गाडी काढतो." आमचे हे आठवड्याला आठ वाक्यं बोलतात, त्यातली दोन त्यांनी तिथे खर्च केली.

मी कपाट उघडून पैठणीच्या घडीतला तो जुना फॉर्म काढला. घडीवर पिवळा पडला होता. आता देऊन उपयोग नव्हता, नाव हलवायची मुदत संपलेली. तो मी पर्समध्ये ठेवला, लाज वाटत राहावी म्हणून.

निवडणूक कचेरीतून शिक्क्याचा उतारा घेतला आणि मग विंचूरला घरी गेलो. न बोलावता, आणि मतदान नसताना. भाऊ ओटीवर होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला वाटतंय, ही जमिनीचं काढायला आली. वहिनी आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

"कागद कसला गं?" त्यानं विचारलं.

"मतदार यादीचा उतारा. आमदारकीला उभी राहते."

तो हसला. मग माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू विरलं. कागद हातात घेऊन त्यानं बोट ठेवून वाचला. "याच्यावर आबांचं नाव आहे."

"हो. वडिलांचं नाव म्हणून."

त्यानं कागदाची घडी सरळ केली. मग म्हणाला, "जपून ने. पिशवीत चुरगळेल," आणि आत जाऊन आबांची जुनी चामडी फाईल घेऊन आला. त्या घरातून मला मिळालेली ही एवढीच वस्तू. मी ती घेतली. जमिनीचं बोलायचं आहे, त्याला तसं सांगूनही आले, की या वेळी नाही पण बोलायचं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, चला, हूं का चूं तरी केलंस.

तुझ्या खोलीत तुझी पिशवी होती तशीच आहे. तिच्यात यंदाच्या अर्जाचे दोन संच निघाले. मागच्या वेळचा धडा घेऊन या वेळी तू दोन भरले होतेस, दहाही क्रमांक स्वतः यादीशी ताडले होतेस आणि लाल पेन्सिलीनं खूण केली होतीस. दोन्ही संचांवर दहा सह्या होत्या, आणि उमेदवाराच्या नावाची जागा कोरी. तुझी ती सवय मला ठाऊक होती. आधी दहा जणींची नावं, मग आपलं. दहा जणी नसतील तर आपल्या नावाला काय अर्थ, असं तू म्हणायचीस.

रखमाबाई म्हणाल्या, "सह्या झाल्यात की. तुझं नाव लिही नि मोकळी हो." मोह झाला, खोटं कशाला बोलू? कोणाला कळलंही नसतं. पण त्या सह्या तुझ्यासाठी केलेल्या होत्या. एकदा मी चुकीच्या जागी सही केली होती, आता दुसऱ्यांच्या सह्या चुकीच्या जागी वापरणार नाही. मी नवे कोरे अर्ज आणले.

काल आणि आज पहाटे मी मळ्यांतून फिरले. ओटी खोचली आणि सरी धरली. तुझ्याइतका हात चालत नाही, रखमाबाईंनी तर माझ्या कॅरेटकडे बघून नाक मुरडलं. पण प्रत्येकीला मी आधी मागच्या वेळचं सगळं सांगितलं, अगदी सासूबाईंच्या क्रमांकासकट, आणि मग विचारलं. एक जण नाही म्हणाली. "ताईंसाठी केली होती, तुझं मला माहीत नाही," असं तोंडावर म्हणाली. बरं वाटलं मला, तू शिकवलेली दिसली. नऊ जणींनी केल्या. प्रत्येक क्रमांक मी यादीत बोट ठेवून दोनदा बघितला आणि तुझ्या लाल पेन्सिलीनं खूण केली.

दहावी कोण, हा प्रश्न उरला. मी परत येत होते तर बांधावर शांता उभी. हो, तीच, पाच वर्षांपूर्वी न आलेली. तिच्या हातात मतदार ओळखपत्र होतं. "सभेत तू उठलीस तेव्हा मला पण उठायचं होतं," ती म्हणाली. "पण दीर बसले होते पुढं. सोमवारी मी येते. ते आडवे आले तरी येते." मी विचारलं, "आणि घरी काय सांगशील?" ती म्हणाली, "सांगून आलेय." तिनं यादीत आपलं नाव स्वतः शोधलं, क्रमांक स्वतः लिहिला आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं होतं, पण तिचं होतं.

सोमवारी दुपारी तीनच्या आत अर्ज द्यायचा आहे. आम्ही अकरा जणी सकाळीच जाणार आहोत, गर्दीच्या आधी. निवडून येईन का, माहीत नाही. नगरसेवक हसताहेत, पोस्टरं छापून झाली त्यांची. मी मंडप घालणार नाही. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज पहाटे सरी धरणार आहे. हरले तरी दुसऱ्या दिवशी मळ्यात जाईन. आणि निकाल लागला की पर्समधला तो पिवळा पडलेला फॉर्म फाडून नवा भरणार आहे, या वेळी नेऊन देणार आहे. विंचूरचा रस्ता मला माहीत आहे, त्याला मतदार यादी लागत नाही, हे परवा कळलं.

आता समोर अर्ज आहे. दहाही जागा भरल्या आहेत, वरची कोरी आहे. तिथे नाव लिहिण्याआधी मला तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तू कचेरीत माझ्याकडे वळून एकदाच विचारलं होतंस, तुझं नाव इथल्या यादीत आहे ना.

नाही ताई. नाव तिकडे आहे. मी इथे आहे.